ताणतणाव : केसपेपरवरील एक कोरा रकाना

‘ताणतणाव’ या विषयावर अलीकडे व्याख्याने होतात, शिबिरे भरतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या निघतात. या साऱ्या चर्चेत एक समज मात्र गृहीत धरलेला असतो. ताण हा मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतला, लोकलच्या गर्दीतला, संगणकापुढे बसणाऱ्यांचा विकार आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, मोकळ्या हवेत राहणाऱ्या वाडीवस्तीवरच्या माणसाला तो कसला, असा तो समज होय. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत वैद्यकी करीत असताना हा समज आम्हांस मान्य करता येत नाही. आमच्या मते येथील ताण शहरापेक्षा कमी नाही. त्याचे रूप वेगळे आहे, आणि तो दवाखान्यात स्वतःच्या नावाने येत नाही, एवढेच.

तो येतो तो पोटदुखीच्या, आम्लपित्ताच्या, छातीतील धडधडीच्या, कंबरदुखीच्या आणि निद्रानाशाच्या नावाने. ‘मला ताण आहे’ असे सांगणारा रुग्ण आमच्या भागात क्वचितच भेटतो. ‘पोटात गोळा येतो’, ‘जीव घाबरा होतो’, ‘अन्नावर वासना नाही’ असे सांगणारे मात्र रोज भेटतात. या तक्रारी केसपेपरवर उतरतात, औषध दिले जाते, आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या चिंतेचा, भयाचा किंवा शोकाचा रकाना कोराच राहतो. तो का भरला पाहिजे आणि कसा भरता येईल, याविषयी दोन शब्द लिहिण्याचा हा प्रयत्न आहे.

शास्त्र काय सांगते ?

‘ताण’ या अर्थाचा एकच शब्द आपल्या संहितांत सापडत नाही. त्याचे घटक मात्र जागोजागी विखुरलेले आहेत, आणि ते वाचताना आचार्यांच्या निरीक्षणाचे नवल वाटते. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात रसवह स्रोतसाच्या दुष्टीच्या कारणांत गुरू, शीत, अतिस्निग्ध आहाराच्या जोडीला अतिचिंतन सांगितले आहे. त्याच स्थानाच्या दुसऱ्या अध्यायात त्यांनी स्पष्ट केले आहे की, पथ्यकर आणि मात्रेत घेतलेले अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे पचत नाही. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्य संग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले आहे. अतिसाराच्या चिकित्सेत तर भयज आणि शोकज असे दोन स्वतंत्र प्रकार मानले असून, त्यांच्या उपचारात वातहर क्रियेबरोबर रुग्णाला हर्षित करणे व आश्वासन देणे यांचा निर्देश आहे. धीराचा शब्द हा येथे सौजन्याचा भाग राहत नाही. तो चिकित्सेचा भाग ठरतो.

आणखी एक बाब अभ्यासकांनी अवश्य ध्यानात घ्यावी. ‘नवेगान्धारणीय’ अध्यायात शोक, भय, क्रोध या मनोवेगांचे धारण करावे असे म्हटले आहे. परंतु त्याच अध्यायात जे तेरा शारीर वेग अडवू नयेत असे सांगितले, त्यांत बाष्प म्हणजे अश्रू यांचाही समावेश आहे. अश्रू अडविल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची आणि भ्रम होतात, असे तेथे नमूद आहे. शोकाच्या आहारी जाऊ नये, पण आलेले रडूही दाबू नये, असा हा सूक्ष्म विवेक आहे. घरातील कर्त्या पुरुषाला ‘तू रडायचे नाहीस, बाकीच्यांनी कोणाकडे पाहायचे ?’ असे बजावणारा आपला समाज या विवेकाच्या नेमके उलट वागतो.

आधुनिक वैद्यकाने हाच विषय वेगळ्या वाटेने गाठला. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियातज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी संकटसमयी शरीर लढण्यास किंवा पळण्यास कसे सज्ज होते ते दाखविले. हान्स सेली यांनी १९३६ साली शरीराच्या प्रतिक्रियेचे तीन टप्पे मांडले : धोक्याची जाणीव, प्रतिकार आणि शेवटी थकवा. संकट समोर येताच ॲड्रेनलिन स्रवते, हृदयाची गती व रक्तदाब वाढतो, यकृतातील साखर रक्तात उतरते, पचनाचे काम मंदावते. पाठोपाठ कॉर्टिसोल हे संप्रेरक ही सज्जता टिकवून धरते. संकट टळले की सारे पूर्ववत व्हावे, अशी ही योजना आहे. थोडा वेळ टिकणारा असा ताण उपकारकच होय; त्याच्यावाचून पुराच्या पाण्यातून कोणी पोहून बाहेर येणार नाही. संकट टळूनही शरीर सज्जच राहिले, तर मात्र निद्रा, पचन, रक्तदाब, रक्तशर्करा आणि रोगप्रतिकारशक्ती या सर्वांवर परिणाम होतो. अग्निमांद्य, वातप्रकोप आणि ओजःक्षय या आपल्या परिभाषेत वैद्याला हे चित्र अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

आमच्या मुलखातील ताण

आता प्रत्यक्ष भूमीकडे वळू. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. तेथे तिला गांधारी मिळते आणि पुढे तिचे पाणी बाणकोटच्या खाडीकडे जाते. डोंगरात मुसळधार पाऊस आणि खाडीला भरती एकाच वेळी आली की पाणी उतरत नाही, ते बाजारपेठेत शिरते. हे येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु गेल्या दोन दशकांत जे घडले ते या नेहमीच्या पुरापलीकडचे होते.

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून शंभराहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या व इतर वाहनांतील प्रवासी गेले. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जणांचा मृत्यू झाला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात पाच मजली इमारत कोसळून १६ जण दगावले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर येऊन ऐंशीहून अधिक बळी गेले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथे दरडी कोसळल्या आणि महाड शहर पाण्याखाली गेले. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधी रसायनांच्या एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली व ११ कामगार मृत्युमुखी पडले.

ही यादी शोकप्रदर्शनासाठी दिलेली नाही. एका पिढीच्या आयुष्यात, दोन तालुक्यांच्या मर्यादेत, इतके आघात झाले असतील, तर त्या पिढीची नाडी पाहणाऱ्या वैद्याने ते विसरून कसे चालेल ? यांतील एकही घटना ज्याच्या नात्यागोत्यात पोहोचली नाही असे घर आमच्या भागात शोधावे लागेल. दरडीतून वाचलेल्यांबरोबरच मदतीला धावलेले तरुण, दोर बांधून दरीत उतरलेले गिर्यारोहक, पोलीस, तलाठी, आशा सेविका, एस.टी.चे चालक-वाहक यांनी जे डोळ्यांनी पाहिले तेही त्यांच्या शरीरात साठून आहे. त्यांच्यापैकी किती जणांना पुढे कोणी ‘झोप लागते का ?’ असे विचारले असेल ?

या ताणाचे ऋतूशी असलेले नाते विशेष चिंतनीय आहे. ग्रीष्मात वाताचा संचय, वर्षा ऋतूत प्रकोप, आणि त्याच काळात अग्नी मंद, हा ऋतुचर्येचा पहिला पाठ. आमच्या भागात नेमक्या याच काळात भयाचा ऋतू सुरू होतो. मृग लागला की डोंगरउताराच्या वाड्यांतील माणसे आभाळाकडे पाहू लागतात. अतिवृष्टीच्या इशाऱ्याचा संदेश मोबाइलवर आला की रात्र जागून काढतात. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज वाढला की उठून बसतात. व्यापारी दुकानातील माल माळ्यावर चढवितात, उतरवितात, पुन्हा चढवितात. ऋतूने प्रकुपित झालेल्या वाताला भय आणि जागरण ही दोन्ही वातकर कारणे येऊन मिळतात. आषाढ-श्रावणात पोटाच्या व झोपेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णाला केवळ ‘पावसाळी अपचन’ झाले आहे असे म्हणून वाटेला लावणे म्हणूनच आम्हांस पुरेसे वाटत नाही.

आपत्तीखेरीज आणखी दोन प्रकारचे ताण येथे मुक्काम करून आहेत. पहिला कारखान्याच्या पाळीचा. बिरवाडी परिसरातील औद्योगिक वसाहतीत पाळ्यांनी काम करणारा कामगार एक आठवडा दिवसा झोपतो, एक आठवडा रात्री. घरी पत्र्याखालचा उकाडा, मुलांचा गलबला आणि शेताची कामे असतात. रसायनांच्या कामात क्षणभराची डुलकी जिवावर बेतते, ही जाणीव डोक्यावर असते ती वेगळीच. दुसरा ताण रिकाम्या घरांचा. पोलादपूरच्या खेड्यांतील कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबई, सुरत, बडोद्याकडे चाकरीला गेले. गावी राहिले ते वृद्ध आणि स्त्रिया. शिमग्याला व गणपतीला गजबजणारे घर उरलेले वर्षभर एका म्हातारीच्या खोकल्याने जागे असते. तिला गुडघेदुखीचे तेल हवेच. पण दवाखान्यात ती अर्धा तास बसून राहते ते कोणाशी तरी बोलायला मिळते म्हणून, हे आपल्यापैकी कोणाच्या लक्षात आले नसेल?

कामावर होणारा परिणाम

ताणाचा आरोग्यावर होणारा परिणाम आपण मानतो, पण कामावर होणाऱ्या परिणामाचा विचार फारसा करीत नाही. निद्रा अपुरी असलेल्या माणसाचे अवधान तुटते, स्मृती मंदावते, लहानशा कारणाने राग उसळतो. यंत्रावर, घाटात गाडी चालविताना किंवा उधारीचा हिशेब करताना याचे पर्यवसान अपघातात, भांडणात नाही तर नुकसानीत होते. मग ‘हा अलीकडे आळशी झाला’ असा शिक्का बसतो आणि मूळ ताणात भर पडते. पुष्कळदा या वळणावर मद्य घरात शिरते. झोपेसाठी म्हणून सुरू झालेला पेला झोपेचीच प्रत बिघडवितो, हे रुग्णाला सांगणारा बहुधा कोणी नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दीर्घकाळच्या कार्यताणातून येणारी पराकोटीची दमणूक स्वतंत्रपणे नोंदविली आहे. मात्र तिला रोग न म्हणता कामाशी निगडित घटना म्हटले आहे. हा भेद अर्थपूर्ण आहे. ज्याचे कारण कामाच्या रचनेत आहे, त्याचा सर्व इलाज कामगाराच्या शरीरात शोधता येत नाही. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र येथे कारखान्याच्या व्यवस्थापनालाही लागू पडते.

आपण काय करू शकतो ?

प्रथम विचारणे. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेतील तिसरी परीक्षा गर्दीच्या वेळी आक्रसते, हे सर्वांच्याच अनुभवाचे आहे. आमची सूचना साधी आहे. पचन, झोप, धडधड किंवा अंगदुखीची तक्रार तीन आठवड्यांहून जुनी असेल, तर केसपेपरवर तीन प्रश्नांची उत्तरे अवश्य लिहावीत. झोप कशी लागते आणि कशाने मोडते ? हे दुखणे सुरू झाले त्या सुमारास घरात, शेतात किंवा कामावर काय घडले होते ? पाऊस वाढला की काय होते ? यातील तिसरा प्रश्न पुण्याच्या वैद्याला विचित्र वाटेल; महाड-पोलादपुरात त्याने अनेकांची वाचा फुटते. उत्तर ऐकताना लेखणी खाली ठेवावी, आणि डोळ्यांत पाणी आले तर घाईने समजूत घालू नये.

दुसरे, निद्रेची चिकित्सा. पाळीच्या कामगाराला ‘दिवसा झोपू नका’ असे सरसकट सांगणे शास्त्राला धरून नाही. ग्रीष्माव्यतिरिक्त दिवास्वाप निषिद्ध सांगणाऱ्या चरकाचार्यांनीच जागरणाने, तसेच क्रोध, शोक व भय यांनी थकलेल्यांना तो सर्व ऋतूंत विहित मानला आहे. वाग्भटाचार्यांनी तर सवय नसता जागरण घडल्यास त्याच्या निम्मा वेळ, सकाळी, न जेवता झोपावे असे मोजमापच दिले आहे. रात्रपाळीहून येऊन भरपेट जेवून आडवे होण्याची पद्धत आमच्या भागात रूढ आहे. ती बदलून आधी झोप आणि मग जेवण, फार भूक असल्यास थोडी पेज, एवढे जरी साधले तरी पुष्कळांचे आम्लपित्त ताब्यात येण्यास मदत होईल. पादाभ्यंग, शिरोभ्यंग हे उपाय घरच्या तेलाने, घरच्या हातांनी होणारे आहेत. एकाकी वृद्धेच्या पायाला सुनेने किंवा नातीने तेल चोळले, तर तेलाइतकाच त्या हाताचाही गुण येतो.

तिसरे, औषध. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, अश्वगंधा ही द्रव्ये आपल्या हाताशी आहेत आणि योग्य रुग्णात ती उपयोगी पडतात. परंतु ताण म्हटला की अश्वगंधा, हे समीकरण जाहिरातीचे आहे, शास्त्राचे नव्हे. अग्नी मंद व साम अवस्था असताना बल्य द्रव्य देऊन काय साधणार ? अवटू ग्रंथीचा स्राव वाढलेल्या रुग्णात व गर्भिणीत अश्वगंधा टाळणे इष्ट. यकृताला त्रास झाल्याची काही वृत्तेही प्रसिद्ध झालेली असल्याने लक्ष ठेवून वापर करणेच योग्य. शिरोधारेची ‘पॅकेजेस’ आणि एका दिवसात तणावमुक्तीची हमी देणारी शिबिरे यांपासून आपल्या व्यवसायाने दूर राहावे, हे आमचे स्पष्ट मत आहे. रक्तदाबाची किंवा मानसोपचाराची चालू असलेली औषधे आपल्या शब्दावर कोणी परस्पर बंद करणार नाही, याची दक्षता घेणे हेही कर्तव्यच.

चौथे आणि सर्वांत दुर्लक्षित, सत्त्वावजय. दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय या त्रिविध चिकित्सेपैकी तिसरी आपण परीक्षेपुरती पाठ केली. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणे ही तिची व्याख्या होय. आणि मनाच्या विकारांवर ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी हे उपाय सांगितले आहेत. व्यवहारात याचा अर्थ असा की, भ्यालेल्या माणसाला ‘काही होत नाही’ असे म्हणू नये, कारण त्याने होताना पाहिले आहे. त्याऐवजी धोका केव्हा खरा असतो, इशारा कोठून मिळतो, निघायचे तर कोठे जायचे, कागदपत्रे व औषधे कोणत्या पिशवीत ठेवायची, हे त्याच्याकडून ठरवून घ्यावे. ज्ञान हे भयाचे औषध आहे ते अशा अर्थाने.

मर्यादेचे भान

या विषयात आपल्या मर्यादा स्पष्ट असाव्यात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक आरोग्य व्यावसायिकाची जी व्याख्या केली आहे, तीत मनोविज्ञान व मानसरोग विषयातील आयुर्वेदाच्या पदव्युत्तर पदवीधारकाचा समावेश आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवी त्या व्याख्येत बसत नाही. ही गोष्ट अपमानाची मानण्याचे कारण नाही. हृदयविकाराचा झटका ओळखून रुग्णाला तातडीने पुढे पाठविणारा वैद्य जसा आपले काम चोख करतो, तसेच हेही आहे.

एखादा रुग्ण जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, आघाताची दृश्ये महिना उलटून गेल्यावरही त्याच्या डोळ्यांपुढून हलत नसली, तो खाणे-बोलणे टाकून बसला, भास होऊ लागले किंवा मद्य आवरेनासे झाले, तर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्यात एक दिवसही दवडू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का ?’ असे स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे; विचारल्याने बहुधा ओझे हलके होते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण देण्याची तरतूद याच अधिनियमाच्या कलम ११५ मध्ये आहे, हे नातेवाइकांना सांगितले तर पोलिसांच्या धास्तीने होणारी लपवाछपवी कमी होईल. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य, रात्रंदिवस आणि मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक वैद्याच्या दवाखान्यात, रुग्णाला दिसेल अशा ठिकाणी लिहिलेला असावा. अंगात येणे, भगताकडे जाणे यांवर आम्ही येथे टीका करू इच्छित नाही. माणूस जेथे ऐकले जाते तेथे जातो. आपल्याकडे ऐकले गेले, तर तो आपल्याकडे येईल.

संघटनेकडून अपेक्षा

जनपदोध्वंसाच्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल यांच्या विकृतीने संपूर्ण जनपद कसे पीडित होते ते सांगितले आहे. संपूर्ण जनपदावर आलेल्या दुःखाची चिकित्सा एकट्या दवाखान्यात होत नाही. सुरक्षित जागी पुनर्वसन, वेळेवर मिळणारा इशारा, कारखान्यातील सुरक्षितता आणि बुडालेल्या दुकानाला मिळणारे साहाय्य ही ताणाची खरी निदानपरिवर्जने होत. ती शासनाच्या व समाजाच्या हाती आहेत. त्यांच्या जागी काढे आणि प्राणायाम देऊन आपण कोणाची सुटका करू नये, आणि आपलीही करून घेऊ नये.

तरीही आपल्या संघटनेच्या हाती बरेच आहे. आपत्तीनंतर रस्ते बंद असतात तेव्हा वाडीवर पोहोचणारा पहिला वैद्यकीय माणूस बहुधा आपल्यातलाच कोणी असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचे सार पाहा, ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या, या तीन कृतींत आहे. हे शिक्षण दोन दिवसांत देता येते. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, तालुकावार असा एक वर्ग घ्यावा. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी संपर्क ठेवणारा एक सभासद प्रत्येक तालुक्यात नेमावा. आणि सभासदांच्या केसपेपरवर निद्रा व मनःस्थिती हे दोन रकाने छापून द्यावेत, असा प्रस्ताव आम्ही या लेखाद्वारे मांडीत आहोत. त्यास मोठा निधी लागत नाही. छपाईचा खर्चही तालुका शाखांना परवडेल एवढाच आहे.

हे अंक वाचणाऱ्या सर्व वैद्यबंधू-भगिनींनी आगामी वार्षिक सभेपूर्वी याविषयी आपली मते अवश्य कळवावीत. प्रस्तावात त्रुटी असतील, त्या दाखवाव्यात. दरम्यान मृग नक्षत्राची वाट न पाहता, उद्याच्या पहिल्या आम्लपित्ताच्या रुग्णाला झोपेविषयी विचारण्यास कोणाचीच हरकत नसावी.